गोणीवरचा ठेका

साल चौऱ्याहत्तर, आणि मी विसाचा असेन. असेन म्हणतो, कारण माझी जन्मतारीख मास्तरांनी अंदाजानं लावलेली आहे. बापाला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, ह्या पोराच्या साली वरच्या रानात नाचणी झकास आली होती. आता नाचणीवरून मास्तरांनी कुठलं साल धरलं ते त्यांनाच ठाऊक. शाळा मी दोन इयत्ता केली. पुढं का केली नाही ह्याची रडकथा इथं नाही. मला शाळा आवडली नाही आणि शाळेला मी आवडलो नाही, मिटलं. आज लोक मला स्टेजवर खुर्ची देतात, हार घालतात आणि भाषणात हळूच म्हणतात, "कमी शिकलेले असूनही शाहिरांनी..." मी तिथंच माइक मागून घेतो. म्हणतो, कमी शिकलो आणि गाणी केली. ते 'असूनही' तुमच्याकडं ठेवा.

त्या साली मी महाडला भाताच्या गिरणीत गोणी वाहायचो. आमची वाडी वरंधच्या वरच्या अंगाला. तिथून रोज येणंजाणं जमायचं नाही, म्हणून आठवडाभर गिरणीतच राहायचं आणि गिरण बंद असेल त्या दिवशी एस.टी.नं घरी जायचं. गिरण बाजारपेठेच्या मागं, नदीकडं उतरणाऱ्या बोळात होती. आता तिथं मोबाईलची दुकानं झालीत. मी अजून त्या बोळातून गेलो की माझ्या नाकात कोंडा जातो. नातू म्हणतो, आजोबा, कुठाय कोंडा? त्याला काय सांगायचं. सकाळी एंजिन सुरू झालं की आधी म्हाताऱ्यासारखं खोकायचं, मग चालीवर यायचं, धाड धुड, धाड धुड. त्याचा पट्टा एके ठिकाणी तुटून शिवलेला होता. तो जोड चाकावरून गेला की फट्ट असा एक आवाज यायचा. धाड धुड, धाड धुड, फट्ट. पाठीवर गोण घेऊन चालताना मी पाऊल त्या फट्टवर टाकायचो. तसं टाकलं की वजन कमी लागतं, खोटं वाटत असेल तर करून बघा. मला तालाचं जे काय येतं ते त्या शिवलेल्या पट्ट्यानं शिकवलं. गुरू म्हणून नाव दुसऱ्याचं लावतो, पण खरं हे आहे.

गुरू म्हणजे वरंधचे राघूबुवा. आमच्याकडं गणपतीत आणि जत्रेत जाखडीचा नाच होतो. मधे ढोलकी, झांज आणि गाणारे, भोवती पायात चाळ बांधून गोल फिरणारी पोरं. पक्ष दोन. आम्ही शक्तीवाले, जगात देवी मोठी, तिच्या जोरावर सगळं चालतं असं गाणारे. समोर तुरेवाले, ते शंकराच्या बाजूचे. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातून जबाब द्यायचा, ह्याला बारी म्हणतात. गाव ठरवतं कोण टिकला आणि कोण अडला. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव आणि गाव येतं, ती त्याची छाप. समोरच्याला बारीत वाट्टेल तेवढं टोचावं, पण आपल्या छापेत त्याचं नाव मानानं घेऊ नये, हे कुणी कुणाला शिकवत नाही. चुलीपुढं चपला घालून जाऊ नये हे कोण शिकवतं? बुवांनी मला शिष्य केला तेव्हा देवीपुढं बेल-भंडारा उचलायला लावला होता. शब्द असे होते, शक्तीचा सवाल, शक्तीचा जबाब आणि शक्तीचं गाणं तुऱ्याला देणार नाय. मी तेवढ्याच शब्दांवर उचलला. जास्त नाही, कमी नाही.

आणि गिरणीत काट्यावर बसायचा तो काशिराम तुरेवाला. पोलादपूरच्या वर, उमरठकडं जाताना डोंगराच्या कुशीत त्याची वाडी. सातवी पास, म्हणून शेठनं त्याला वजनावर बसवलेला. अंगानं किरकोळ, केस चापूनचोपून, खिशाला पेन. मला तो पहिल्यापासून आवडला नव्हता. एके दिवशी काट्यावर बसल्या बसल्या तो स्वतःचं कडवं गुणगुणत होता, आणि मी पाठीवर गोण घेऊन येत होतो. त्याची ओळ आणि माझं पाऊल जुळेना. मी अडखळलो.

"काय रे काश्या," मी गोणीखालूनच म्हटलं, "कडव्याचा पाय मुरगळलाय का तुझ्या?"

तो वर न बघता म्हणाला, "तू गोण टाक जागेवर. गाण्यातलं कळतं किती तुला?"

"कळायला काय लागतं? कान हायत मला."

"कान हायत रे, पन आत काय हाय? मागल्या गणपतीत ऐकलं तुमचं. पयल्यापासून शेवटपर्यंत देवी मोठी, देवी मोठी. का मोठी? एक गोष्ट सांग पुराणातली. एक."

मला राग आला, आणि बोलणं खरं होतं म्हणून जास्त आला. बुवांना पोथ्या पाठ होत्या, पण ते एकेक गोष्ट सुटी सुटी, दात पाडून घेतल्यासारखी देत. मला वाचता येत नव्हतं. दुपारी एंजिन बंद झालं तसा मी एक कोंड्याची गोण त्याच्यापुढं ओढली, तिच्यावर तळहात मारला आणि म्हटलं, "म्हण परत." तो म्हणाला, कशाला? मी म्हटलं, म्हण तर. त्यानं म्हटलं. मी गोणीवर एंजिन वाजवलं, धाड धुड, धाड धुड, आणि पाचवी थाप कडक, पट्ट्यासारखी. कडव्यातला एक शब्द त्या फट्टवर बसेना. मी तो काढायला लावला. मग त्यानं परत म्हटलं आणि ते कडवं असं चाललं की त्याचं तोंड उघडंच राहिलं. तो उठला, त्याच्या वळकटीतली पोथी घेऊन आला आणि म्हणाला, "बस. वाचतो."

मग आमच्या दुपारी तशाच जायला लागल्या. मागच्या बाजूला तुसाचा ढीग होता, त्याच्या सावलीत तुसाचीच चूल. गिरणीत कणी फुकट, म्हणून रोज कणीचा भात, आमसुलाचं सार, आणि निखाऱ्यावर भाजलेली सुकट. सुकटीचा वास बोळातून पेठेपर्यंत जायचा, वाणी नाकाला धोतर लावायचे. काशी एका हातानं जेवायचा आणि गुडघ्यावर पोथी धरून वाचायचा, मी ऐकायचो. कुठल्या देवानं कुणाला काय शाप दिला, कोण कुणाच्या पोटी आलं, सगळं. मी एकदा ऐकलं की ते माझं. मग तो त्याची कडवी म्हणायचा आणि मी गोण वाजवून सरळ करायचो. शपथ मोडली असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. सवाल, जबाब, गाणं, ह्यातलं मी त्याला काही दिलं नाही. गाणं त्याचंच होतं, मी फक्त त्याला चालायला लावत होतो. पण लोकांना हे पटलं नसतं, हे आम्हां दोघांनाही कळत होतं. बोळात कुणाचं पाऊल वाजलं की पोथी गोणीखाली जायची आणि आम्ही भाताच्या ओलीवर बोलायला लागायचो.

गेल्या साली काशीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघेपर्यंत मी पोलादपूरला जाऊन त्याला वाचून दाखवत होतो. पुढं वाचायला शिकलो खरा, पण मी वाचतो ते अक्षराला अक्षर टेकवत, आणि हा खाटेवर पडून वैतागतो. म्हणाला, "भाग्या, तुझं वाचणं लंगडतं." इतक्या वर्षांनी परतफेड केली बघा.

तर चैत्र लागला. काशीच्या गावच्या देवीची जत्रा तोंडावर आली. एक दिवस त्यानं कणीचा भात नुसता चिवडला आणि म्हणाला, "आमच्या शाहिराचा घसा बसलाय. जत्रेत मी उभा ऱ्हायचाय."

"बरं झालं की! समोर कोण?"

"राघूबुवांचं मंडळ."

"मग काय, बुवा तुला चावून खातील." मी हसलो.

तो हसला नाही. "बुवा उभं ऱ्हात नायत. तुला उभा करतायत. सगळ्या बाजाराला ठावं हाय, तुलाच नाय."

माझा हात सुकटीवर तसाच राहिला. पहिली बारी, मंडळाच्या पुढं मी! छाती फुगली. ती पुरती फुगायच्या आत तो पुढचं बोलला. त्याचा मुंबईचा काका जत्रेला येणार होता, आणि काकानं त्याच्यासाठी गोदीत जागा धरून ठेवली होती. त्याच्या बापालाही, आबांनाही, तेच हवं होतं. "आबा म्हणाले, हौस हाय तर एकदा गावापुढं उभा ऱ्हा. टिकलास तर हितंच ऱ्हा, गिरणीत काम कर, गा, मी बोलायचा नाय. अडलास तर दुसऱ्या दिवशी काकाबरोबर गाडीत बसायचं. मी हो म्हटलंय."

तुसाची चूल धुमसत होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोच तो म्हणाला, "आनि ऐक. मुद्दाम हरलास तर तुझं तोंड बघायचा नाय. तू कुठं आवाज ढिला सोडतोस ते मला कळतं."

"हरतोय कोण?" मी म्हटलं. "भागोजी हरत नाय."

म्हटलं खरं. आणि दोघांनी ठरवलं की जत्रा होईपर्यंत पोथी बंद, गोण बंद. जे आपण मिळून वाचलं त्यातलं कुणी विचारायचं नाही. ज्यानं त्यानं आपलं नवं आणायचं.

ते दिवस वाईट गेले. मी गुणी माणूस आहे, मला हरायला येत नाही. पण मी चांगला गायलो, सवाल खणखणीत टाकला, तर काशी गोदीत जाणार. तो गेला की पोथी कोण वाचणार? माझं अर्धं डोकं त्याच्या वळकटीत होतं. आणि नुसतं तेवढंच नव्हतं. गिरणीत दुसरा माणूस नव्हता ज्याच्यापुढं मी नवं कडवं म्हणू शकत होतो. बुवांपुढं म्हटलं की ते आपलं करून घेत. काशी फक्त एवढंच म्हणायचा, हे बसलं, हे नाय बसलं. तो गेला तर मी कुणाला विचारायचं, हे बसलं का? पाठीवरून एकदा गोण घसरून फुटली. शेठ ओरडला. काशी काट्यावरून बघत होता, तोही तसाच पिवळा पडलेला. दुपारी आम्ही पाठीला पाठ लावून जेवायचो, आणि एंजिन बंद झाल्यावर ती शांतता कानाला दडे बसवायची. मला वाटायचं, आत्ता तो वळेल आणि म्हणेल, जरा दे रे ठेका. तो वळला नाही. मानी होता, माझ्यापेक्षा जास्त.

सवाल मला घरी सापडला. पहाटेची वेळ, आये जात्यावर नाचणी दळत होती. आमचं जातं जड होतं, त्याचा आवाज भिंतीतून पाठीत यायचा, आणि लहानपणापासून मी त्याच आवाजावर झोपलो आणि उठलो. चुलीवर कुळथाचं पिठलं रटरटत होतं. मी भाकरी पुढ्यात घेऊन जात्याकडं बघत बसलो. खालची तळी हलत नाही. वरची तळी फिरते. वरची म्हणजे शक्ती. खालची म्हणजे तुरेवाल्यांचा शंकर, डोळे मिटून बसलेला. मग पीठ कुणाचं?

"आये, पीठ कुणाचं गो?"

"कुणाचं म्हंजे? खानाऱ्याचं. गीळ आता, गार होतंय."

मी गिळलं. चालत एस.टी.च्या फाट्यापर्यंत येईतो सवाल तयार झाला होता. असा आनंद मला पुन्हा फार थोड्या वेळा झाला. आणि गाडीत बसलो तेव्हा तो आनंद आंबला. हा सवाल कुठल्या पोथीत नव्हता. काशी पोथीतला माणूस, तो ह्याचा जबाब कुठून काढणार? माझ्याकडं दुसरे, जुने, सोपे सवाल होते. बुवांचेच होते. ते टाकले असते तर काशीनं सहज परतवले असते आणि कुणाला काही कळलं नसतं. काशीला कळलं असतं. खिडकीतून मी बाहेर बघत राहिलो आणि बिरवाडीपर्यंत मला रस्ता दिसला नाही.

संध्याकाळी पालखी उठायची होती म्हणून बारी दुपारची ठेवलेली. देवळापुढं मांडव, आंब्याचे टाळे, धूळ उडू नये म्हणून शिंपलेलं पाणी. मुंबईकर टेरीकॉटच्या शर्टात. पुढं लाकडी खुर्चीवर काशीचे आबा, काठी दोन्ही हातांत उभी धरून, आणि शेजारी काळा चष्मा लावलेला काका. खांबाला महाप्रसादाच्या तांदळाच्या गोणी टेकवलेल्या होत्या. आमच्याच गिरणीतल्या. त्यातली एक मी स्वतः ट्रकवर चढवली होती. बुवांनी माझ्या खांद्यावर त्यांचा शेला टाकला. काशी समोर फेटा बांधून उभा होता, आणि फेट्याचा तुरा थरथरत होता. वारा नव्हता.

गण झाला, गवळण झाली. काशीचं पाठ केलेलं होतं, बरं गेलं. मग माझी पाळी आली. मी आवाज सोडला नाही. सगळा लावला.

खालची तळी निजून राही, वरची फिरे गरगरा
पीठ कुणाचं, सांग तुऱ्या, जबाब दे रे खरा!

मग मांडवात हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "जात्याचा सवाल? बायकांना विचार जा!" तशी मागून एक म्हातारी खणखणीत म्हणाली, "इचार की! आम्हीच सांगतो, तुमच्या शाहिराला नको तरास!" आणखी हशा. राघूबुवा मिशीत हसत होते. मी काशीकडं बघत होतो.

त्यानं डोळे मिटले. मग उघडले, आणि मला कळलं. काट्याची दोन्ही पारडी सारखी आली की त्याच्या भुवया अशाच खाली यायच्या. त्याला जबाब सापडला होता! माझा जीव भांड्यात पडला. त्यानं तोंड उघडलं, ओळ सुरू केली आणि ती मधेच तुटली. त्यांचा ढोलकीवाला जुना माणूस, हात संथ, आपल्याच नादात. काशीची सगळी कडवी माझ्या गोणीवर चालायला शिकलेली, ती ढोलकी त्यांना परकी होती. पाठ केलेलं तरी रेटून गेलं, पण नवं, तिथल्या तिथं करायचं कडवं त्याच्या पायांवर उभं राहीना. त्यानं परत सुरू केलं. परत तुटलं. नाचणाऱ्या पोरांचे चाळ एकेक करून थांबले. "मुंबईची गाडी लागली रे!" मागून कुणीतरी म्हणालं. काका हसला. आबांनी काठी जराशी फिरवली. काशीनं माझ्याकडं बघितलं नाही. तो खाली बघत होता, त्याच्या गुडघ्यापुढं, जिथं रोज दुपारी गोण असायची तिथं.

मी विचार केला नाही. विचार केला असता तर माझा मान आडवा आला असता. मी खांबाजवळ गेलो, महाप्रसादाच्या गोणीपुढं बसलो आणि तळहात मारला. धाड धुड, धाड धुड, फट्ट. तांदळाची गोण कोंड्यापेक्षा खडी वाजते. सगळा मांडव माझ्याकडं वळला. बुवा म्हणाले, "भाग्या!" मी थांबलो नाही. धाड धुड, धाड धुड, फट्ट. काशीनं मान वर केली, आणि त्या फट्टवर त्याची ओळ आली.

खालच्या तळीत मेख रोविली, तिनं धरिला तोल
बसल्यानं जागा दिली म्हणुनी फिरतीला या मोल!

चाळ एकदम वाजले, पोरं परत फिरायला लागली. म्हातारी मागून "बराबर हाय, बराबर हाय" म्हणत होती. मेख काढली तर वरची तळी घरंगळत ओट्याखाली जाईल, हे जातं ओढणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. मला ते सुचलं नव्हतं. माझ्याच सवालाचा जबाब मला ठाऊक नव्हता, आणि तो ऐकून माझ्या अंगावर काटा आला. हात मात्र थांबला नाही, कारण छाप राहिली होती. आणि काशीनं छाप घातली.

काशिराम म्हणे, ठेका ज्याचा, त्याचेही घ्या नाव
भागोजी तो शक्तीवाला, वरंध त्याचा गाव!

चाळ पुन्हा थांबले. तुऱ्याच्या छापेत शक्तीवाल्याचं नाव, मानानं, गावासकट. त्यांच्या पंचांपैकी एक जण म्हणाला, "जबाब आला. पोरगा टिकला." पण त्याच्या बोलण्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे आबांकडं बघत होते. आबा उठले. धोतराची धूळ झटकली. काशीकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही, काठी टेकत घराकडं चालायला लागले. काका मागून गेला. काशी तिथंच उभा राहिला, आणि त्याच्या लोकांनी त्याच्याभोवती कोंडाळं केलं. मला त्याचा फक्त तुरा दिसत होता. टिकला, पण दुसऱ्याच्या हातावर टिकला. आबा ह्याला टिकणं म्हणतील का? मला विचारायला जायचं होतं. आमच्या मंडळानं मला दंडाला धरून ट्रकमध्ये बसवलं.

महाडच्या नाक्यावर मी उतरलो. बुवाही माझ्याबरोबर खाली उतरले.

"बेल-भंडारा उचललास ना रे देवीपुढं?"

"उचलला. सवाल, जबाब आनि गाणं द्यायचं नाय. ठेका त्यात नव्हता, बुवा."

"वकील झालास?"

"नाय. शब्द पाळला."

मला वाटलं मारतील. त्यांनी नुसता हात पुढं केला आणि माझ्या खांद्यावरचा शेला काढून घेतला, घडी घातली, काखेत मारली आणि ट्रकमध्ये चढले. तो शेला मला पुढं मिळाला, पण त्याला बरीच वर्षं गेली, आणि मी मागितलेला नाही. त्या संध्याकाळी खांदा उघडा वाटत होता, पण खरं सांगतो, मी शेल्याचा विचार करत नव्हतो. मी उद्याच्या गाडीचा विचार करत होतो. पोलादपूरहून मुंबईला जाणारी सकाळची गाडी महाडच्या स्टँडात थांबते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीतलं काम टाकून मी स्टँडवर जाऊन उभा राहिलो. चहा घेतला, तो तसाच गार झाला. गाडीची पाटी मला वाचता येत नव्हती, म्हणून पोलादपूरच्या बाजूनं आलेल्या प्रत्येक गाडीत मी चढत होतो आणि शिव्या खाऊन उतरत होतो. शेवटी एका गाडीच्या खिडकीत काळा चष्मा दिसला. मी मागच्या दारानं चढलो, लोकांच्या गाठोड्यांवरून पाय टाकत पुढं गेलो. काका खिडकीशी बसला होता. त्याच्या शेजारच्या जागेवर, अंगाला गोणपाट गुंडाळून, हा एवढा मोठा भाजीचा फणस बसवला होता.

"अरे, आव शायर!" काका म्हणाला. "काय, मुंबई को चलता काय?"

"काशी कुठाय?"

"तुझा काशी? बघ ना सीट. त्याच्या नावानं जागा धरली होती मी. सकाळी भाऊ हा फणस घेऊन आला, म्हणतो, ह्याला बसव त्याच्या जागेवर, ह्याला तरी गाता येत नाय." काकानं फणसाला थाप मारली. "खडूस माणूस. रातभर बोलला नाय कुणाशी. सकाळी बायकोला म्हणाला, पोराच्या भाकऱ्या बांध, गिरणीची पयली गाडी चुकंल. अन् हां, तुला भावाचा निरोप हाय."

"मला?"

"म्हणाला, त्या वरंधवाल्याला सांग, पुढल्या जत्रेला दुसऱ्याची गोण बडवायची नाय. आपली घेऊन ये."

कंडक्टरनं घंटी मारली. मी उडी मारून उतरलो आणि बाजारपेठेतून धावत गिरणीत आलो. शेठ दारातच होता, त्यानं काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. एंजिन अजून खोकत होतं. काट्यावर काशी बसला होता, मी स्टँडवर पोचायच्या आधीच्या गाडीनं आलेला, केस चापूनचोपून, खिशाला पेन, डोळे सुजलेले. तेवढ्यात पट्टा चालीवर आला. मी पहिली गोण पाठीवर घेतली, तिच्याखालूनच म्हटलं, "दुपारी पोथी काढ," आणि फट्टवर पाऊल टाकलं.